बायकांची पोटदुखी आणि माझी नजर

सोमवार, ११ नोव्हेंबर
आज कॅज्युअल्टीत पोटदुखीच्या तीन बायका. खुर्चीतून न उठता निदान: गॅस, गॅस, नवऱ्याशी भांडण. नुसती नजर पुरते. नवी लेडी डॉक्टर मात्र प्रत्येकीला झोपवून पोट तपासते, वर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. एखाद दिवशी आजीबाईंचीही करेल. घोकंपट्टीवर पास झालेली पिढी.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
कालची भांडणवाली परत आली. अपेंडिक्स निघालं. काल नसणार, रातोरात झालं असेल. लेडी डॉक्टरने कालचा माझा केसपेपर काढून माझ्यासमोर ठेवला. आगाऊ आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
घरीही तेच. हिच्या ओटीपोटात उजवीकडे दुखतंय. पाळी लांबलीय म्हणे. चाळिशी आली, लांबणारच. धाकटीच्या बाळंतपणातच हिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे दुसरी शंकाच नको. अँटासिड दिलं. तपासलं नाही. घरच्यांचे लाड केले की दुखणं वाढतं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
सकाळी. थोडं रक्त जातंय म्हणाली. म्हणजे पाळी आली, विषय संपला. तर आता खांदा दुखतोय. पोट झालं, खांदा झाला, उद्या दाढ. आगीत तेल ओतायला मेव्हणी आलीय. हॉस्पिटलात नेऊ म्हणते. घरात डॉक्टर असताना? लोक काय म्हणतील. दोघींना दम भरून ड्यूटीवर आलो.

दुपारी. मेव्हणीने हिला आणलंच, तेही माझ्याच कॅज्युअल्टीत. दारातच कोसळली. पांढरीफटक. मला नाडी सापडेना. लेडी डॉक्टरने टेस्ट केली, पॉझिटिव्ह. गर्भ पिशवीऐवजी नळीत वाढत होता, नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं; खांदाही त्यानेच दुखत होता. त्या ऑपरेशननंतरही क्वचित असं होतं, पुस्तकात आहे. क्वचित होणारं सगळं कोण लक्षात ठेवणार? सर्जनला बोलावून तिनेच हिला थिएटरात नेलं. संमतीपत्रावर नवरा म्हणून सही केली. फार घाबरलो होतो.

शनिवार, १६ नोव्हेंबर
वाचली. वेळेवर हॉस्पिटलात आणलं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगतोय. कोणी आणलं, ते सांगत बसत नाही.

ॲप्रन चढवून वॉर्डात गेलो. कुठे दुखतंय विचारलं आणि पोट तपासायला हात पुढे केला. हिने तो बाजूला सारला. नर्सला म्हणाली, यांना बाहेर बसवा आणि डॉक्टरांना बोलवा.

नर्सने मला नातेवाइकांच्या भेटीची वेळ सांगितली.