आपल्या दारावरचा राक्षस

अण्णा,

आज दुपारी व्हाइटफील्डच्या ऑफिसात एक चांगला धडधाकट माणूस माझ्या राक्षसाला बघून खुर्चीसकट मागे सरकला, आणि मला पहिली आठवण तुमची झाली. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाचा. मी नेमकं काय काम करते ते तुम्हाला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी मी राक्षस काढते, म्हणजे तुमचाच धंदा. तुम्ही पत्र्यावर काढायचात, नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगायचे ते मुखवटे, पिळदार मिशांचे, सुळ्यांचे, हनुवटीपर्यंत लाल जीभ. आपल्या बाजूच्या जयनगरात निम्म्या दारांवर तुमचे राक्षस डोळे वटारून बसलेले असत आणि शाळेत जाताना मी त्यांना ओळखीच्या माणसांसारखी मान हलवून पुढे जायची.

या माझ्या राक्षसावर दोन वर्षं गेली, आणि त्याला कुणी भीत नव्हतं. खेळून बघायला बोलावलेली माणसं हसायची. एकीला तर तो इतका गोड वाटला की घरी पाळता येईल का, असं तिनं विचारलं. वरच्यांनी सांगून टाकलं होतं, आजच्या चाचणीत कुणी घाबरलं नाही तर राक्षस खेळातून काढून टाकायचा आणि माझी रवानगी बटणं रंगवणाऱ्यांत. मी शिंगं वाढवली, हात चाराचे सहा केले, अंगावर खवले चढवले. जितका सजवला तितका तो वरातीतल्या घोड्यासारखा दिसायला लागला. मग गेल्या रविवारी पोळ्या लाटताना ओट्यावरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथं तुमचा जुना मुखवटा आहे, मिशी गंजून गेलेला, आणि त्याच्याकडे बघता बघता तव्यावरची पोळी करपली.

आठवतंय, मी नऊ वर्षांची आहे. बाहेरच्या खोलीत जागा नाही म्हणून पत्रे स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून वाळताहेत. सगळे चेहरे पुरे झालेत, फक्त डोळे पांढरे आहेत. बुबुळं तुम्ही गिऱ्हाइकाच्या दारी, मुखवटा वर चढल्यावर, शिडीवर उभं राहून भरता, हा तुमचा नियम. तुम्ही टर्पेंटाइन आणायला गेलात आणि मी काळ्या रंगाचा डबा उघडून उद्याच्या वास्तुशांतीला जायच्या राक्षसाचे डोळे भरून टाकले. परत आल्यावर तुम्ही हात उगारला नाही. पत्रा उजेडाकडे वळवलात आणि म्हणालात, "डोळे दारावर गेल्यावर काढायचे असतात गं. कुणाकडं बघायचं ते त्याला तिथं कळतं. हा आता आपल्यालाच बघत बसणार." अम्मा म्हणाली, "स्वल्प पोटात घाला, पोर आहे." तुम्ही चहासुद्धा न घेता दुसरा पत्रा रंगवायला बसलात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी माझा तो बिघडलेला राक्षस मुकाट्यानं आपल्याच दारावर ठोकलात. घरमालक भाड्याच्या भिंतीला खिळा मारला म्हणून कुरकुरले. माझ्या ओट्यावर आता आहे तो हाच.

तर अण्णा, रविवारी मी माझ्या राक्षसाची बुबुळं पुसली. शिंगं, खवले, जास्तीचे हात, सगळं काढलं. त्याला एका बंद दारापुढे उभा केला, पांढऱ्या डोळ्यांचा. खेळणारा आजूबाजूला कितीही नाचला तरी तो ढिम्म. कडीला हात लागला की मात्र बुबुळं उमटतात आणि थेट त्याच्याकडे बघतात. आज तो माणूस आधी कडीपर्यंत गुणगुणत गेला. मग खुर्ची मागे, हात छातीवर. मला वाटलं आता उठून जाईल, तर घाम पुसून हसला आणि म्हणाला, "इन्नोंद सला." अजून एकदा! पाच वेळा खेळला, अण्णा, आणि पाचही वेळा दचकला. तुमच्याकडे येणारी माणसं आठवली. दारावर फुलं काढून द्या असं कुणी म्हणत नसे, राक्षसच हवा, आणि तोही जरा जास्त भयंकर. इथं वीस-वीस मजली इमारती बांधताना परांच्यांवर तोच चेहरा लटकलेला असतो, खाली हेल्मेट घातलेले इंजिनिअर. भीती घालणारा आपल्या बाजूचा असला की माणसाला किती बरं वाटतं, हे मला आज, या वयात, नाचावंसं वाटेल इतकं कळलं.

राक्षस राहिला. ऑफिसात सगळे विचारत होते, ही नजर कुठून आणलीस. डावं बुबुळ उजव्यापेक्षा थोडं मोठं आहे, घाईत भरल्यासारखं. घरी एक जुना नमुना आहे, एवढंच मी सांगितलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या दिवशी माझी चूक झाली नव्हती. डोळे कधी काढायचे ते मला पक्कं ठाऊक होतं, तुमची शिडी मीच तर धरायची. तुमचे सगळे राक्षस दुसऱ्यांच्या दारांवर जात होते आणि मला एक आपल्या दारावर हवा होता. मागितला असता तर तुम्ही दिलाही असता, अण्णा. मी मागितलाच नाही.