फाटक्या जाळ्यांची घोळ

आये,

बापानं ज्या दुपारी तुझी दोन बोटं मोडली, त्या दुपारचं मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. तुला तर ते सांगायची गरजच नाही, तरी तुलाच लिहितेय. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून भीड वाटत नाही.

केळव्याच्या किनाऱ्यावर भरती काय काय आणून टाकायची. एकेकट्या चपला, जाळी तरंगत ठेवणारे फुटके बोये, कुणाकुणाच्या होड्यांची तुटलेली नायलॉनची जाळी. मासळी वाळत घातली की तू ते वेचत फिरायचीस. त्यातून तू घोळ मासा केलास, माझ्याहून लांब. चपला कापून खवले, पोटात बोये, हिरव्या जाळीची शेपटी. पडवीत टांगली तेव्हा वाऱ्यानं ती अशी वळली की शेजारची म्हातारी हात जोडून गेली. मी विचारलं, "कशाला केलीस गं?" तू म्हणालीस, "मला बगायला. दुसरं काय?"

त्या हंगामात बापाच्या होडीला मासळी लागत नव्हती. बंदरावर कुणीतरी त्याला म्हणालं, "तुज्या पडवीत घोळ लागलीय ना, ती इक." सगळे हसले. मी टोपली घेऊन तिथंच उभी होते. तो घरी आला तो पिऊनच. आधी त्यानं कोयत्यानं घोळ फाडली. तू मध्ये पडलीस, तसं तुला केसांना धरून अंगणात ओढलं, तुझा उजवा हात पाट्यावर दाबला आणि वरवंटा घातला. मग परत घातला. "आता बांद गाठी," तो म्हणाला. अर्धी आळी कुंपणाशी जमली होती. "बस कर रे, मरंल ती," एवढं एकजण बोलला. आत कुणी आलं नाही.

तू तोंडातून आवाज काढला नाहीस, असं लोक अजून कौतुकानं सांगतात. खोटं आहे. तू किंचाळलीस, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्यास, त्याच्या मनगटाचा लचका तोडलास. पाट्यावर रक्त दोघांचं होतं.

पालघरच्या दवाखान्यातून हात बांधून आलीस आणि दुसऱ्या दिवशी पडवीत बसलीस. फाटलेली घोळ मांडीवर, दोरीचं एक टोक डाव्या हातात, दुसरं दातात. तो दारात येऊन उभा राहतो. मला वाटतं, आता संपलं. तू मान वर न करता मांडीखालचा कोयता काढून पुढ्यात ठेवतेस. "आता हात लावलास तर मी पन तोडीन. निजशील ना, तेवा तोडीन. पोरीला इचार, मी खोटं बोलत नाय." तो माझ्याकडे बघतो. मी मान हलवते.

पुन्हा त्यानं हात उचलला नाही. मरेपर्यंत तुझ्या हातचं जेवला, पण तुझ्याकडे पाठ करून कधी निजला नाही.

आता माझी बोईसरला शेड आहे. कारखान्यांनी टाकलेले पाइप, पत्रे, फाटके हातमोजे यांतून मी पुतळे करते. लोक लांबून बघायला येतात, कुठं शिकलात म्हणून विचारतात. आईकडे, एवढंच सांगते.

परवा पाइपांचा एक माणूस करत होते. खांदे झाले, मान झाली, पत्र्याचा जबडा बसवला आणि दिसलं, हा तोच. मी काही ठरवलं नव्हतं. माझ्याकडे वेल्डिंग करणारी बाई म्हणाली, "दीदी, एकदम ज़िंदा लगता है." मी घण उचलला. पहिला घाव तोंडावर घातला, मग छातीवर, मग कुठं पडतोय ते बघितलंच नाही. पत्रा उडून माझं कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं, तरी थांबले नाही. ती भिंतीला चिकटून उभी. शेवटी हळूच म्हणाली, "बिगड़ गया था क्या, दीदी?"

"हां," मी म्हटलं. "बिगड़ गया था."

बिघडला नव्हता, आये. माझ्या हातून आजवर इतकं चांगलं काही झालं नव्हतं. आणि फोडताना मला फार बरं वाटलं.