फोटोतला साहेब

१२ नोव्हेंबर २००७

फोटो मोठा करून आणला विश्वजितने. इथल्या कोंबिनीत, कोपऱ्यावरच्या त्या चोवीस तास उघड्या दुकानात, लगेच काढून देतात. परवा ह्यांचं वर्षश्राद्ध. आणि ह्यांच्या शेजारी कोण? तो इंग्रज साहेब! पांढराशुभ्र पुतळा, हाताची घडी घालून. गेल्या वर्षी सगळे मिळून जपानला येताना सिंगापूरला उतरलो होतो, तेव्हाचा.

"आई, बाबांचा एवढा हसरा दुसरा फोटोच नाही."

हसरे आहेत, खरंय. पण मान वळवून त्याच्याकडे बघतायत — भक्तासारखे! हार घातला की नमस्कार दोघांना!

१३ नोव्हेंबर

अजून धुमसतेय. पुतळ्याखालची पाटी नातीने, जुईने वाचून दाखवली होती — साहेब नदीकाठी इथे उतरला, त्याआधी नुसतं कोळ्यांचं गाव. हे हर्णैचे, वडील मासेमारीच्या मचव्यावर. ताडकन म्हणाले, "नुसतं म्हणजे? माणसं नव्हती?" परत गेल्यावर मी वाचनालयातून पुस्तक आणलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण नेटाने वाचलं. गावाला प्रमुख होता, त्याचं घर होतं. त्याचा पुतळा कुठाय?

आणि ह्यांना त्या साहेबाच्या पायाशी बसवायचं!

मैथिलीला म्हटलं, त्याला काप.

"अहो आई, बाबांचा खांदा जाईल."

"जाऊ दे खांदा!"

जुई म्हणाली, "आजी, कोवाई!" भीती वाटते म्हणे माझी. वाटू दे.

१४ नोव्हेंबर

श्राद्ध झालं. मी हार घातला नाही. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

कावळ्याचा घास गॅलरीत. इथे कावळ्यांना खायला घालायला बंदी — कचऱ्यावरसुद्धा जाळी टाकतात. विश्वजित ताट घेऊन खाली बघत उभा. "लवकर ये रे बाबा, कान्रिनिन-सान झाडायला येतील!" इमारतीचा रखवालदार तो. कावळा आला तो थेट घासावर. मैथिली हसली, "बाबा तृप्त!" मला त्याचाही राग आला. एवढी कसली घाई होती? थोडं थांबवायचं तरी आम्हाला!

जेवताना पुन्हा विषय काढला. विश्वजित चिडला. "कापलाय गं तो फोटो! आधीच कापलाय!"

"मग साहेब कसा राहिला? काय कापलंस?"

मैथिली म्हणाली, "सांग ना त्यांना." तो उठून हात धुवायला गेला.

१५ नोव्हेंबर

कॉम्प्युटरवर अख्खा फोटो दाखवला त्याने. पुतळ्याच्या पलीकडे, पायरीवर, मी! चप्पल काढून तळपाय चोळतेय, तोंड वाकडं. कोणी फोटो काढतंय हे मला ठाऊकही नव्हतं. हे माझ्याकडे बघून हसतायत.

"जिवंत माणसाला हार कसा घालायचा, आई?"

साहेब मध्ये उभा आहे. राहू दे. अख्खा छापून आण म्हटलं. हार नको.