कॉम्प्रेसर जाम आहे, मी नाही

३ मे, सकाळी ७.४०
गाडी सुरू केली, एसी लावला. किंकाळी, जळक्या रबराचा वास, बॉनेटमधून धूर. निदानाला चार मिनिटं लागली. एसीचा कॉम्प्रेसर पुलीसकट जाम. इंजिनचा एकच पट्टा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप तिघांनाही फिरवतो. एक अडला की सगळे अडले. आमच्या घरासारखंच.

रात्री ८
जेवताना सांगितलं. ताईचे यजमान, म्हणजे आज जेवायला आलेले भावोजी, घास गिळायच्या आत म्हणाले, सोळा वर्षांची गाडी, काढून टाका, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. गाडी बाबांची. त्यांच्याच शेजारी बसून मी चालवायला शिकले. मी म्हटलं, दोन आठवडे द्या. ठरलं असं: १७ तारखेला आईबाबांना घेऊन मी ताईकडे जायचं. चाळीस किलोमीटर. पोचली तर गाडी माझी. नाही पोचली तर गिऱ्हाइकाची. भावोजी हसले, म्हणाले, ऑल द बेस्ट, मेहुणीबाई.
मला राग आलेला नाही. हसण्याची वेळ फक्त नोंदवते: ७.५२.

५ मे
मेकॅनिक आला. निदान माझं, टॉर्च माझ्या हातात, आणि हा माणूस बोलतोय बाबांशी. साहेब, आतून चुरा झालाय. कॉम्प्रेसर काढून टाकू, छोटा पट्टा घालू, एसी विसरा, काचा खाली करा. मी विचारलं, छोटा म्हणजे किती मिलिमीटर? तो बाबांना म्हणाला, ताई हुशार आहेत हं.
मेकॅनिकची गरज नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. कॉम्प्रेसर मी मोकळा करणार आणि गाडी एसी लावून ताईच्या दारात उभी करणार. भावोजींच्या दिशेने व्हेंट वळवून.

८ मे
कॉम्प्रेसरच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून जोर दिला. फिरला. आतला शाफ्ट नाही, नट. मग बोल्टाच्या तुकड्यासकट हातात आला. धातू मुळात थकलेला होता.
आईने खिडकीतून विचारलं, जेवतेस ना? म्हटलं, मोजमाप चाललंय. म्हणाली, तोंडाला काळं किती लागलंय, तेही मोज.

१० मे
भंगारवाल्याकडून दुसरा कॉम्प्रेसर आणला. हाताने फिरवला तर इतका हलका फिरला की मीच त्याला बेअरिंग कसं असावं यावर दोन शब्द सांगितले. तो मान डोलवत राहिला. घरी येऊन उघडला. आत काहीच नाही. शिवाय चारपैकी तीनच भोकं जुळतात. पंचाहत्तर टक्के वाईट नाही. फोन केला तर म्हणतो, मॅडम, तुम्ही आतलं कुठे विचारलंत?
मी फोन शांतपणे ठेवला. त्याची काच आधीच तडकलेली असावी.

१२ मे
निर्णय बदलला. कॉम्प्रेसर काढून छोटा पट्टा घालणार. मेकॅनिकच्या सल्ल्याशी याचा काही संबंध नाही. तो अंदाजाने बोलला, मी गणिताने इथवर आले. पुल्यांचे व्यास, केंद्रांमधली अंतरं, सगळं तीनतीनदा मोजून रेखाचित्र काढलं. लांबी १५३७ मिमी. दुकानदाराने विचारलं, मिस्त्री कोण? म्हटलं, मीच. त्याने पट्टा काउंटरवर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, परत घेत नाही हां.

१५ मे
बसला. पहिल्या प्रयत्नात. ताण अचूक. इंजिन सहा मिनिटं चालवलं. आवाज नाही, धूर नाही, तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या खाली. सातव्या मिनिटाची गरज वाटली नाही.
बाबा दारात उभे होते. म्हणाले, मेकॅनिकला एकदा दाखवून घेऊ या का? नुसती नजर. मी विचारलं, बाबा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का? म्हणाले, तुझ्यावर आहे गं. आणि आत गेले.
माझ्यावर आहे. मग कशावर नाही? अर्धवट वाक्यं मला सहन होत नाहीत.

१७ मे, सकाळी ८.०५
निघतोय. बाबा पुढे, आई मागे, मांडीवर ताईसाठी डबा. काचा खाली. एसीची उणीव कोणालाही जाणवणार नाही.

सकाळी १०.३०, रस्त्याच्या कडेला
अकराव्या किलोमीटरला काटा लालमध्ये. बाबा म्हणाले, थांब. मी म्हटलं, सेन्सर खोटं दाखवतोय. तेराव्याला वाफ. मग ठोके. मग काहीच नाही.
भावोजी आम्हाला न्यायला आले, मेकॅनिकला सोबत घेऊन. तो दोन मिनिटं वाकून बघत राहिला आणि या वेळी माझ्याशी बोलला. ताई, पट्टा अगदी मापाचा आहे. पण आधी तो पंपावरून गुळगुळीत पाठीने जायचा, तुम्ही दातांच्या बाजूने नेलाय. पंप उलटा फिरत होता. पाणी पुढे गेलंच नाही. इंजिन गेलं.
रेखाचित्र पुन्हा तपासलं. लांबी बरोबर आहे. फिरण्याच्या दिशेचा रकाना मी आखलेला नाही.
भावोजी एकदाही हसले नाहीत. मुद्दाम.

१९ मे
सकाळी भंगाराची क्रेन येऊन परवा ओढून घरी आणलेली गाडी घेऊन गेली. गिऱ्हाईकसुद्धा आता ती घेणार नाही, असं मी आईला म्हटलं. आई ओटा पुसता पुसता म्हणाली, कुठलं गिऱ्हाईक? बाबांनी त्याला गेल्या मंगळवारीच, बारा तारखेला, नाही म्हणून कळवलं. म्हणाले, पोरगी रोज गाडीखाली लोळतेय, चालो न चालो, गाडी तिचीच. मी विचारलं, मग मला कोणी सांगितलं का नाही? आई म्हणाली, तुला कोण काय सांगणार, बाई?
म्हणजे मंगळवारपासून गाडी माझी होती. मी पाने खाली ठेवले असते तर आजही असती.
बाबा अजून फाटकाशी उभे होते, रस्त्याकडे बघत. मी शेजारी जाऊन म्हटलं, पंप मुळातच सदोष असणार, बाबा. नुसतं उलटं फिरल्याने इतकं तापत नाही.
ते म्हणाले, असेल.