सिस्टरनी विचारलं, क्लाउडी आहे का?

प्रिय सूनबाई,

बाबा हॉस्पिटलातून घरी आले. जेवले, चष्मा सापडेना म्हणून माझ्यावर चिडले, म्हणजे आता बरे आहेत. फोनवर सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

यांचं घरच्या घरी पोटातून डायलिसिस सुरू झालं, तेव्हा तुझ्या नवऱ्यानं सगळं आम्हाला मराठीत समजावलं होतं. पोटात सोडलेलं औषधी पाणी पिशवीत परत काढल्यावर गढूळ दिसलं की लगेच कळवायचं. त्या सकाळी यांचं पोट जरा दुखत होतं. तेवढ्यात हॉस्पिटलच्या सिस्टरचा नेहमीचा फोन आला. तिनं इंग्रजीत विचारलं, क्लाउडी आहे का? यांना वाटलं, बाई हवापाण्याच्या गप्पा मारतेय. खिडकीबाहेर पाहून ऐटीत म्हणाले, "नो सिस्टर, व्हेरी सनी." ती हसली, फोन ठेवला. मी पिशवीतलं पाणी ओतायला उठणार, तोच तुझा फोन आला. यांनी तुला हा किस्सा रंगवून सांगितला. तू हसली नाहीस. "बाबा, ती आभाळाचं नाही, पाण्याचं विचारत होती. पिशवीखाली वर्तमानपत्र ठेवा. अक्षरं दिसतात?" मथळासुद्धा वाचता येईना. मी पिशवी तशीच धरून बसले. पण हॉस्पिटलला कळवणं, गाडी पाठवणं, गाडी येईपर्यंत मला बोलतं ठेवणं, सगळं तू तिथून केलंस. पोटात जंतू झाले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

नंतर तू यांना तो शब्द नीट शिकवलास. ढगाळ आभाळ क्लाउडी, गढूळ पाणी क्लाउडी, मोतीबिंदूनं धूसर झालेली नजरही क्लाउडी. आता यांना ऊत आलाय. माझा चहा क्लाउडी, आरसा क्लाउडी, शेजारच्या काकांचा चेहरा तर कायमचा क्लाउडी. सिस्टरही वस्ताद. तिनं यांच्याकडून आपला शब्द शिकून घेतला आणि आता फोनवर विचारते, "गडूल?" तिला ढ आणि ळ जमत नाहीत, पण आम्हाला कळतं.

तुझे उपकार मानले तर तू रागावशील. तरी मानते. माझं माणूस तू मला परत दिलंस.

पण आज लिहायचं खरं कारण वेगळंच. काल तुझ्या नवऱ्याच्या तोंडून निसटलं, की आमच्याजवळ राहायला यायचं म्हणून तू दुसऱ्या शहरातली बढती नाकारणार आहेस. तसं करू नकोस, बाळा. आमचं इथं चाललंय, आणि अडलं तर तुला फोन करायला आम्ही लाजणार नाही. तू बढती घे. तिथं घर बघशील ते एका जास्तीच्या खोलीचं बघ. प्रवासात डायलिसिसच्या पिशव्या कशा न्यायच्या, हे यांनी सिस्टरला विचारूनसुद्धा ठेवलंय.

तुझीच, हक्कानं हट्ट करणारी,
आई