कोट खुंटीवरच राहू द्यावा

मी, डिम्प्ना मॅकगवर्न, कै. फिंटन मॅकगवर्न यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार किलनागॉर्टा, परगणा लिट्रिम, आयर्लंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची हमी डॉक्टर देत नाहीत. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यातलं एकच कलम अडचणीचं झालं आहे, ते पुढे येईल.

१. घर, फावडं आणि मागची परसबाग मुलगा मॅलकी याला. मॅलकी, गाड्या लावायला तिथे खडी टाकायचा तुझा बेत मला ठाऊक आहे. फक्त एक वर्ष, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे गुड फ्रायडेला बटाटे लाव, उकडून लोणी घालून खा, आणि मग खुशाल खडीवाल्याला फोन कर.

२. पतसंस्थेतली शिल्लक माझ्या अंत्यविधीसाठी. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहा आणि हॅमचं सँडविच मिळावं. हॅम जाड कापावं. फिंटनच्या वेळी त्यातून पलीकडचं दिसत होतं. ते कोणी कापलं हे मी लिहीत नाही. माझी नणंद कन्सेप्टा जाणते.

३. ही बाग म्हणजे पूर्वी फिंटनची हिरवळ. दर शनिवारी तो ती कापायचा आणि तिच्याकडे बघत उभा राहायचा. माझ्याकडे इतक्या कौतुकाने क्वचितच पाहिलं असेल. तो हिवाळ्यात गेला. वसंतात मी फावडं घेतलं, तर कन्सेप्टा फाटकात हजर.

"अगं, त्याच्या थडग्याची माती अजून ओली आहे आणि तू त्याची हिरवळ उकरतेस?"

"ओली आहे तोवरच उकरायला सोपी जाते, कन्सेप्टा. आलीच आहेस तर बादली धर."

तिने बादली धरली नाही. त्या वर्षी कोबी गोगलगायींनी खाल्ला, गाजरं बोटाएवढी झाली. पण पहिल्याच दिवशी एक रॉबिन, तो तांबड्या छातीचा चिमुकला पक्षी, येऊन माझ्या बुटाशी उभा राहिला आणि उकरलेले किडे टिपू लागला. मी त्याच्याशी दिवसभर बोलले. घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं, आणि मला फिंटनची फार आठवण यायची. तेव्हापासून दर वर्षी कोणी ना कोणी रॉबिन असतोच.

४. आता कोट. बागेतल्या शेडमध्ये खुंटीवर फिंटनचा ट्वीडचा कोट आहे. बागेत मी तोच घालते. मला तो घालूनच पुरावं, असं मी पूर्वी लिहिलं होतं. यंदा शेडच्या खिडकीच्या फुटक्या काचेतून रॉबिनची मादी आत आली आणि कोटाच्या उजव्या खिशात तिने घरटं केलं. शेवाळ, सुकी पानं आणि माझ्या कंगव्यातले पांढरे केस. सध्या ती अंड्यांवर बसली आहे. कोणी कोट हलवला तर ती उडून जाईल, आणि परत येईलच असं नाही.

कन्सेप्टा कामाला वाघ आहे. माझे डोळे मिटताच ती कोट आणून, खिसे झटकून, इस्त्री करून ठेवील, याची मला धास्ती आहे.

म्हणून: पिल्लं उडून गेलेली नसतील, तर मला निळ्या स्वेटरमध्ये पुरावं. मला कोट हवा होता. फार हवा होता. पण फिंटनला मी समजावीन. हिरवळीचंही त्याच वेळी सांगावं लागेल.

५. कन्सेप्टाला मी काहीही ठेवत नाही. यात राग नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही असा कायदा आहे, आणि या कागदावर मला तिचीच सही हवी आहे. तिने आधी सगळं वाचावं.

किलनागॉर्टा, २ मे २०१९
डिम्प्ना मॅकगवर्न

आम्हा दोघांदेखत सही झाली:

कोल्मन टायनन, पोस्टमन

कन्सेप्टा रूनी. वाचलं. हॅम जाडच होतं. कोटाला मी हात लावणार नाही, आणि इतकी वर्षं जिच्यासाठी तुझ्या मागे लागले होते, ती शेडची काचही आता बसवायची नाही.