चाडमधली गोफण

पौषातला रविवार, संध्याकाळ. भर शहरातली, गजबजलेली राजापेठ.

धाकट्या विनूनं चाड देशातली कापसाच्या जिनिंगची नोकरी आणखी दोन वर्षं वाढवली. आईला सांगायचं काम अर्थात माझ्याकडे. आमचा भाऊ शूर आहे, पण फोनवरून.

तिला मोबाइलवर नकाशा दाखवला. वर वाळवंट, खाली कापूस, जमिनीत तेल, समुद्र कुठेच नाही. "कापूसच पायजे होता तं अकोला काय वाईट होतं?" आई म्हणाली. मी विनूनं पाठवलेला व्हिडिओ लावला. काळी जमीन, डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, आणि तिथली एक म्हातारी गोफण फिरवून पाखरं हाकलतेय.

गोफण! शेवटची पाहिली ती आईच्याच हातात, मूर्तिजापूरच्या वावरात. तेव्हा हुरड्याला अर्धं गाव यायचं. आता तिथं नुसतं सोयाबीन.

"दगड लय लवकर सोडते हे बाई," आई म्हणाली. "पुन्हा लाव."

पुन्हा लावला. आईची मूठ गोफण धरल्यागत आवळलेली. तेवढ्यात दोन वर्षांचं सांगून टाकलं.

आईनं मूठ उघडली. मग म्हणाली, "राहू दे त्याले. आपल्या इकडे पाखरं हाकलाले उरलं काय?"

आणि गॅलरीतल्या कबुतरावर असा हाकारा घातला की खालचे शेजारी बाहेर आले.

कबुतर हललं नाही. राजापेठेतलं आहे.